मनगटातल्या तारेचा तुलनात्मक तक्ता

सरकारी खात्यात साधी बादली घ्यायची तरी तीन दरपत्रकं लागतात. तिन्ही एका कागदावर शेजारी शेजारी मांडायची, खाली साहेबांची सही घ्यायची. त्या कागदाला तुलनात्मक तक्ता म्हणतात. मी लातूरला पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क आहे आणि तक्त्याशिवाय माझ्या टेबलावरून आजवर खराटासुद्धा पुढं गेलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याचा ठपका सगळे माझ्या घाबरटपणावर ठेवतात. तो घाबरटपणा नव्हता. ती कार्यपद्धती होती.

सुरुवात नांदेडच्या दवाखान्यात झाली. डॉक्टर अनिमेष म्हणून एक तरुण हृदयवाले आहेत. इतके तरुण, की मी आत गेल्यावर आधी त्यांनाच विचारलं, डॉक्टर कुठं गेले. त्यांनी माझ्यासमोर टेबलावर दोन तारा ठेवल्या. शेजारी आमची प्रेमला बसलेली. तिनं ताराही बघितल्या आणि माझं तोंडही बघितलं, आणि पदर घट्ट धरला.

झालं होतं असं, की दोन महिन्यांपासून जिना चढलो की छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. एकदा तर ऐन कीर्तनात, गजर चढलेला असताना, मला टाळ घेऊन खाली बसावं लागलं. लातूरच्या डॉक्टरांनी कागदावरची रेघ बघून नांदेडला पाठवलं. पूर्वी ही तपासणी जांघेतून करायचे, आता मनगटातून करतात. मनगटाच्या धमनीतून आधी तार वर जाते, खांद्यावरून वळून काळजापर्यंत. तिच्यावरून बारीक नळी जाते. नळीतून औषध सोडलं की काळजाच्या वाहिन्यांचा फोटो निघतो. म्हणजे कीर्तनात महाराज पुढं आणि आम्ही टाळकरी मागं, तसंच. तार चुकली की सगळं चुकलं.

एक तार साधी होती, पोलादी, टोकाला छत्रीच्या मुठीसारखी वळलेली. दुसरीवर कसला तरी लेप. ओली केली की चिरलेल्या भेंडीसारखी बुळबुळीत. मी विचारलं, यातली चांगली कुठली? डॉक्टर म्हणाले, "दोन्ही चांगल्या, काका. कुठलीनं वेळ कमी लागतो आणि हाताला त्रास कमी होतो, याचीच आम्ही तुलना करून राहिलोत. तुम्ही हो म्हणलात तर बंद पाकिटातून जी निघेल ती तार वापरू."

तुलना आणि बंद पाकीट. माझी सगळी नोकरी या दोन शब्दांत गेली आहे. मी एकदम सावरून बसलो. इतका वेळ मी पेशंट होतो, आता खात्यात आल्यासारखं वाटलं.

पण खरी धाकधूक वेगळीच होती. आमच्या कॉलनीतल्या मारोतीच्या देवळात दरसाल सप्ताह बसतो. शेवटच्या दिवशी शेषेराव महाराजांचं काल्याचं कीर्तन. त्या कीर्तनात महाराजांच्या उजव्या हाताला टाळ घेऊन उभं राहायची जागा माझी आहे. पगार, बढती, साहेबांची मर्जी, यातलं काहीही गेलं तरी मी एक वेळ सोसलं असतं. ती जागा सोसली नसती. म्हणून डॉक्टरांना विचारलं, हात राहील ना? टाळ धरता येईल ना? ते म्हणाले, काही दिवस जपायचं. क्वचित कुणाची मनगटातली धमनी बंद होते, पण हाताला दुसरी धमनी असते, ती सांभाळून घेते. आणि ते दाखवायला त्यांनी माझं मनगट दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, मला मूठ आवळायला लावली, उघडायला लावली. तळवा पांढराफटक. मग एक अंगठा सोडला, तसा तळवा हळूहळू लाल झाला. "हात उत्तम आहे," ते म्हणाले. "काल्यापर्यंत बहुतेक जमेल."

एवढ्या सगळ्यातून माझ्या कानात दोनच शब्द राहिले. क्वचित, आणि बहुतेक. आमच्या खात्यात 'बहुतेक' म्हणजे काय ते कालव्याची वाट बघणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

तपासणी पुढच्या आठवड्यात ठरली. गाडी लोहा, अहमदपूर करत चाकूरला येईपर्यंत मी मनात रकाने आखत होतो. चाकूरला चहा घेतला आणि प्रेमलाला म्हणलं, मी तक्ता करणार. ती म्हणाली, "अहो, जीव तुमचा, तार त्यांची. तुम्ही कशाला मधी पडता?" बायकांना कार्यपद्धती कळत नाही.

लातूरला आमच्या घरासमोर चन्नबसप्पाचं सायकल-हार्डवेअरचं दुकान आहे. मूळचा निलंग्याकडचा, मराठी बोलता बोलता 'हो'ला कानडी 'हौदु' म्हणून मान हलवतो. तार हा शब्द ऐकून तो गिऱ्हाईक सोडून उठला. त्याचं मत असं, की तार कुठलीही असो, प्रश्न तारेचा नसतोच, ग्रीसचा असतो. त्यानं लगेच प्रयोग मांडला. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी त्यानं दुकानाच्या जाळीवरून वळवून घेतली. हे मनगट, हा कोपर, हा खांदा, आणि खाली ठेवलेला रंगाचा डबा म्हणजे हणमंतरावांचं काळीज. माझ्या काळजाच्या डब्यावर 'लाल ऑक्साईड' असं लिहिलेलं होतं. सायकलच्या ब्रेकची तार आत सारली. ती खांद्यापर्यंत गेली आणि अडकली. जमलेल्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. एकानं तर माझ्याकडं बघून टोपी काढली. मग ग्रीस लावलं आणि तार सर्रकन जाऊन पलीकडून बाहेर आली ती थेट माझ्या पांढऱ्या शर्टवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेजारचे राघवेंद्र सर म्हणजे लातुरात फिजिक्सचं मोठं प्रस्थ. तीन मजली क्लास, खाली चपलांचा डोंगर. आमच्या गावात हल्ली कुठल्याही गोष्टीचे चार पर्याय करून त्यातला एक बरोबर ठरवल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. सरांना ग्रीस पटेना. ते म्हणाले, हा घर्षणाचा प्रश्न आहे, लक्षात आलं का, ओल्या पृष्ठभागाचा गुणांक काढावा लागेल. त्यांनी तो घरी काढला असता तर माझी हरकत नव्हती. त्यांनी तो सकाळच्या बॅचला घातला. 'एका हेडक्लार्कच्या मनगटातून दोन तारा क्रमाक्रमाने ढकलल्या असता...' अशी सुरुवात. दुसऱ्या दिवसापासून रस्त्यानं जाणारी अनोळखी पोरं मला नमस्कार करून सांगायला लागली, काका, उत्तर 'क' येतं. एकजण म्हणाला, माझं 'ड' येऊन राहिलं. आयुष्यभर अब्रूनं जगलेल्या माणसाचा चार मार्कांचा प्रश्न झाला, आणि चुकला तर एक मार्क वजा.

त्यात मी एक चूक केली. मनगट दाबून तळवा बघायची परीक्षा सरांना दाखवली. सरांनी लगेच आपला हात पुढं केला. मी दाबलं, मूठ आवळायला लावली, अंगठा सोडला. तळवा पांढराच. पुन्हा केलं. पांढराच. सर घामाघूम झाले, पायरीवर बसले, म्हणाले, सध्याची बॅच कुणाकडं द्यावी. त्यांच्या घरातून रडण्याचा आवाज यायला लागला. प्रेमलानं आतून तांब्याभर पाणी आणून त्यांच्या हातावर ओतलं. सगळा खडू वाहून गेला आणि खालून गुलाबी तळवा निघाला. सर त्यानंतर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण परीक्षा मात्र गल्लीत पसरली. जो तो ज्याचं त्याचं मनगट दाबत बसलेला. दूधवाल्यानं माप घालायच्या आधी माझ्यापुढं हात केला. मी प्रेमलाला म्हणलं, ये, तुझाही बघू. ती म्हणाली, मला पोळ्या लाटायच्यात.

तक्ता मात्र पुढं सरकेना. नियमानं दरपत्रकं तीन लागतात आणि तारा होत्या दोनच. मी लातुरातल्या औषधाच्या दुकानांतून हिंडलो. कुणी म्हणलं, ही वस्तू सुटी मिळत नाही. कुणी विचारलं, कुणाच्या चिठ्ठीवर? मी म्हणलं, माझ्याच. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून एक पेपरमिंटची पुडी घेतली. शेवटी घरी बसून विचार केला आणि खात्यातला जुना मार्ग आठवला. तिसरं दरपत्रक हे कायम मेळ घालायलाच असतं. ते स्वीकारायचं नसतं, फक्त कागदावर उभं करायचं असतं. मग मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं : 'ब्रेकची तार, सायकल, ग्रीससह. शिफारस : चन्नबसप्पा.' तक्ता पूर्ण झाला. शेवटचा शेऱ्याचा रकाना तेवढा कोरा ठेवला. तो काम झाल्यावर भरायचा असतो. काम झाल्यावर मी भरायला असेन का, हा विचार तेव्हा आला आणि पेन खाली पडला.

शेषेराव महाराजांच्या पाया पडायला गेलो. वाटलं होतं, ते एखादा दृष्टान्त देतील. त्यांनी फक्त माझा उजवा हात हातात घेतला, इकडून तिकडून बघितला आणि म्हणाले, "काल्याला जागा तुमचीच. टाळ नसला तरी उभं राहा." त्यांनी धीर द्यायला म्हणलं. पण मला 'टाळ नसला तरी' एवढंच ऐकू आलं. टाळ नसलेला टाळकरी म्हणजे पंगतीत पत्रावळीशिवाय बसलेला माणूस. वाढपी येतो, बघतो, पुढं जातो.

तपासणीच्या दिवशी नांदेडला आम्ही दोघंच जाणार होतो. गाडीत बघतो तर चन्नबसप्पा खिशात ग्रीसची डबी घेऊन बसलेला आणि राघवेंद्र सर खिडकीपाशी. सरांनी राग सोडला होता. उत्तर 'क' आहे की नाही हे त्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं.

दवाखान्यात गुरम्मा नावाच्या सिस्टर होत्या. त्यांनी संमतीच्या कागदावर सही घेतली आणि कपाटातून बुटांचं खोकं काढून टेबलावर ठेवलं. आत बंद पाकिटं, ओळीनं लावलेली. म्हणाल्या, यातलं वरचं तुमचं, डॉक्टर आले की उघडतील. आणि रक्तदाबाचं यंत्र आणायला आत गेल्या.

मी खोक्याकडं बघितलं. खोक्यानं माझ्याकडं बघितलं. बंद लखोटे कधी उघडायचे, कुणासमोर उघडायचे, फोडल्यावर पाकिटाच्या पाठीवर कुणी सही करायची, याचा परिपत्रकासह अभ्यास असलेला माणूस त्या खोलीत मी एकटाच होतो. आणि माझ्याच काळजाची निविदा माझ्यामागं उघडणार? लखोटे हितसंबंधितांसमोर फोडावेत असा नियम आहे. माझ्याइतका हितसंबंधित कोण होता? मी चन्नबसप्पाला आणि सरांना सदस्य नेमलं. प्रेमला म्हणाली, "अहो, हात लावू नका." तिचं म्हणणं इतिवृत्तात घेतलं असं मी तिला सांगितलं.

वरचं पाकीट फोडलं. 'साधी तार.' ठीक. पण दुसऱ्या पक्षाचा लखोटा कुठं होता? म्हणून खालचं फोडलं. तेही 'साधी तार'. मला वास आला. एकाच पक्षाचे दोन लखोटे म्हणजे संगनमत. तिसरं फोडलं, 'लेपाची तार'. आता थांबणं कर्तव्यात कसूर ठरलं असतं. आम्ही खोकं रिकामं केलं. मी फोडत होतो, सर मोजत होते, चन्नबसप्पा प्रत्येक पाकिटामागं सही करत होता, कन्नडमध्ये. शेवटी दोन्ही पक्ष चक्क बरोबरीत आले. इतकी स्वच्छ निविदा मी नोकरीत कधी बघितली नव्हती. अभिनंदन करायला मान वर केली तर दारात डॉक्टर अनिमेष उभे.

ते आत आले. खुर्चीवर बसले आणि पाकिटांच्या ढिगाकडं बघत राहिले. मग शांतपणे समजावलं. ही निविदा नव्हती. कुठल्या पेशंटला कुठली तार हे कुणालाच आधी कळू नये, डॉक्टरांचीही आवडनिवड मध्ये येऊ नये, म्हणून पाकिटं बंद होती. पुढच्या सगळ्या पेशंटांची. त्यांच्या अभ्यासाचा उरलेला भाग मी समितीसह फोडला होता. आता सगळी पाकिटं नव्यानं करावी लागणार होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मरण अजून आतल्या खोलीत बाकी होतं. मी हात जोडले, म्हणलं, माझं पाकीट तरी पक्कं धरा, साधी तार. ते म्हणाले, "काका, आता तुमच्यासाठी पाकीट नाही. आता तुमच्या हाताला विचारून ठरवू."

तुलनात्मक तक्ता माझ्या खिशात होता. काढायची हिंमत झाली नाही.

आता इथं एक आडवळण घेतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भूकंपाच्या साली आमचं घर पडलं नाही, भिंतीला भेग गेली. पण घरात पुन्हा निजायला आम्हाला फार दिवस लागले. तेव्हापासून प्रेमला उशापाशी कपाटावर स्टीलच्या पेल्यावर पेला रचून ठेवते. जमीन हलली की पेले पडतात, पेले पडले की आम्ही अंगणात. वरच्या दोन खोल्या आता क्लासच्या पोरांना भाड्यानं दिल्यात. परीक्षेच्या हंगामात ती पोरं धडधड जिन्यावरून उतरतात, पेले पडतात आणि आम्ही दोघं वेळीअवेळी अंगणात उभे असतो. पोरं आम्हाला 'अभ्यास चांगला चाललाय' म्हणून सांगतात. असं आमचं अंग आहे. लातूरचं अंग. जरा हललं की आधी पाय पळतात, मग डोकं विचारतं काय झालं.

आत खोलीत गारवा होता. मला अरुंद टेबलावर निजवलं, उजवा हात फळीवर पसरून बांधला. मनगटात सुई टोचली तेव्हा जेवढं दुखेल असं वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. डॉक्टर म्हणाले, साधी तार घालतोय, काका. मी डोळे मिटून विठ्ठलाला म्हणलं, तू पुढं हो. तार कोपरापर्यंत आली असावी. आणि तेवढ्यात टेबल हललं.

यंत्राखाली नीट यावं म्हणून ते टेबल सरकवतात. सगळीकडं सरकवतात. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी पायांना कळलं नसतं. मी 'प्रेमला, पोरांना उठव' असं ओरडून अर्धा उठलो. हात बांधलेला, तार आत, आणि दोन माणसं मला खांद्याला धरून दाबतायत. मी त्यांनाही म्हणलं, पळा, स्लॅब येतोय.

मला परत निजवलं, तोवर दंडापासून मनगटापर्यंत एक कळ आवळत गेली. डॉक्टरांनी तार पुढं सारून बघितली. जाईना. मागं ओढली. येईना. ते म्हणाले, धमनी आखडलीय. भीतीनं आखडते. आता ओढायचं नाही, थांबायचं. नळीतून काहीतरी सोडलं, हात गरम झाला. आणि ते माझ्या डोक्यापाशी स्टूल ओढून बसले. माझा हात फळीवर थरथर कापत होता. मला एकच दिसत होतं. गजर चढलाय, महाराजांच्या उजवीकडं मी उभा आहे, आणि टाळ हातातून सटकून खाली पडलाय.

"तुम्ही लातूरचे ना?" डॉक्टर म्हणाले. "त्या दिवसांत कुठं झोपायचात?"

मी म्हणलं, शाळेच्या मैदानात, सगळी कॉलनीच तिथं होती. अंधार पडला की कुणालाच झोप यायची नाही, पोरं रडायची. मग शेषेराव महाराज त्या मैदानात रोज कीर्तनाला उभे राहायला लागले. मंडप नाही, पेटी नाही. माझे हात त्या दिवसांत असेच कापायचे; दातसुद्धा वाजायचे. मला तोवर टाळ वाजवता येत नव्हता. महाराजांनी एक दिवस माझ्या हातात टाळ दिले आणि म्हणाले, हात हलतोच आहे, तर तालात हलू दे. तेव्हापासून मी टाळकरी. लोकांना वाटतं भक्तीनं झालो. भक्ती नंतर आली. आधी थरथर होती.

डॉक्टरांनी स्टूल जरा पुढं ओढलं. मग म्हणाले, "मी त्याच मैदानात होतो. लहान होतो. टाळ सुरू झाले की आई म्हणायची, आता काही होत नाही, झोप."

मी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. तोंडाला कापड बांधलेलं, नुसते डोळे दिसत होते. त्या मैदानात इतकी पोरं होती, मला कुठलं आठवणार? पण एकदम वाटलं, हे पोरगं झोपलेलं मी बघितलंय.

"मग काका, आताही तालात हलू द्या," ते म्हणाले.

मी डाव्या हाताच्या बोटांनी मांडीवर ठेका धरला. तोंडातल्या तोंडात नाम घेत राहिलो. टेबल पुन्हा सरकलं असेल, मला कळलं नाही. बऱ्याच वेळानं मी विचारलं, दुसरी तार घालणार ना? कधी घालणार?

"ती जाऊन आली," डॉक्टर म्हणाले. "फोटोही निघाले. एका ठिकाणी थोडी अडचण आहे, गोळ्यांनी भागेल. जिने कमी चढा, आणि दुसऱ्यांची पाकिटं फोडू नका."

बाहेर आलो तर मनगटावर रक्त थांबवायचा हवेचा पट्टा आवळलेला. सरांनी पहिला प्रश्न विचारला, कुठली? मी म्हणलं, दोन्ही. सरांचा चेहरा पडला. पर्यायांत 'वरील दोन्ही' नव्हतं. चन्नबसप्पानं ग्रीसची डबी खिशात परत ठेवली आणि म्हणाला, "शेवटी बुळबुळीतच चालली की नाही? हौदु." प्रेमला माझ्या बोटांच्या टोकांकडं बघत होती.

घरी आल्यावर काही दिवस मी उजव्या हातानं भाकरीसुद्धा मोडली नाही. झोपेतून उठून मनगट चाचपायचो, ठोका लागतो का बघायचो. कधी लागायचा, कधी माझ्याच अंगठ्याचा ठोका मनगटाचा वाटायचा. डॉक्टरांना फोन करून विचारलं, तुमच्या तुलनेत माझं नाव कुठल्या बाजूला धरलं? ते म्हणाले, कुठल्याच नाही, तुम्हाला वगळावं लागलं. मला वाईट वाटलं. ज्याच्या हातात दोन्ही तारा गेल्या, तोच तक्त्यात नाही.

सप्ताह बसला. मी रोज मागं खांबाला टेकून बसायचो. काल्याचा दिवस आला. मंडप भरलेला, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. मी महाराजांच्या उजवीकडं जाऊन उभा राहिलो. टाळ हातात होते, पण वाजवत नव्हतो. महाराजांनी कीर्तन रंगवलं आणि मधेच माझ्याकडं हात करून म्हणाले, बघा, या आपल्या हणमंतरावांच्या मनगटातून डॉक्टरांनी एक तार घातली आणि ती थेट काळजात पोचली. नामाची तार तशी आहे, ती एकच असते. लोक माना डोलवायला लागले. मला राहवलं नाही. मी हळूच म्हणलं, महाराज, तारा दोन होत्या. माईक जवळ होता. सगळा मंडप हसला. महाराजही हसले आणि म्हणाले, "दोन होत्या. कारण पहिलीला यांनी सोडलंच नाही, धरून ठेवलं." मग तर बायांच्या बाजूनं पदर तोंडाला गेले. माझी मान खाली गेली.

तेवढ्यात गजर उचलला. पखवाज आला, बाकीचे टाळ आले. माझा हात थरथरायला लागला होता, पहिल्या ओळीतल्या लोकांना दिसेल इतका. महाराजांनी गाता गाता माझ्याकडं एकदा बघितलं. मी हात तालात हलू दिला. पहिला टाळ बारीक वाजला, दुसरा जरा बरा. पट्ट्याची जागा ओढल्यासारखी झाली, पण टाळ पडले नाहीत. गजर संपेस्तोवर पडले नाहीत.

काला वाटायला बाया बसल्या होत्या. दही-लाह्यांचं पातेलं घेऊन आमच्या रांगेत प्रेमला होती. माझी पाळी आली, मी उजवा हात पुढं केला. तिनं पळी खाली ठेवली. दोन्ही अंगठ्यांनी माझं मनगट दाबलं, अगदी डॉक्टर दाबतात तसं, आणि म्हणाली, मूठ आवळा. मी आवळली. उघडा. उघडली. मागची रांग थांबली, कुणीतरी विचारलं काय झालं. तिनं एक अंगठा सोडला आणि माझ्या तळव्याकडं बघत राहिली. इतका वेळ, की मीही बघायला लागलो.

"झाला लाल," ती म्हणाली. तळव्यावर काला ठेवला. "आता पुढं सरका. मागं लोक थांबलेत."